जिज्ञासू आणि मुमूर्षू

विद्यापीठांनी गेल्या साठ वर्षांत ज्या नव्या विषयांना अध्यासन, पाठ्यक्रम आणि पदवी यांची प्रतिष्ठा दिली, त्यांत मृत्यू हा विषय सर्वांत जुना आणि बहुधा सर्वांत अवघड म्हटला पाहिजे. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात रॉबर्ट फुल्टन या समाजशास्त्रज्ञाने १९६३ साली मृत्यूविषयक नियमित पाठ्यक्रम सुरू केला. इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात २००५ साली मृत्यू आणि समाज यांच्या अभ्यासाचे स्वतंत्र केंद्र निघाले. स्कॉटलंडमध्ये ग्लासगो विद्यापीठाच्या डम्फ्रीस येथील विभागात डेव्हिड क्लार्क यांनी या विषयाचा अभ्यासगट उभारला आणि पुढे तेथे आयुष्याच्या अखेरीचा अभ्यास हाच पदव्युत्तर पदवीचा विषय झाला. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात २०१२ पासून उपशामक वैद्यकाची एम. डी. ही पदवी घेता येऊ लागली. अशा अभ्यासक्रमांत समाजशास्त्र, इतिहास, नीतिमीमांसा, कायदा, वैद्यक आणि साहित्य एका मांडवाखाली येतात. विद्यार्थी निबंध लिहितो, परीक्षा देतो, गुण मिळवतो. मरणाच्या विषयात प्रथम वर्ग मिळतो, या कल्पनेचे ज्याला हसू येईल त्याला दोष देता येणार नाही. पण त्या हसण्याच्या तळाशी एक खरा प्रश्न आहे. ज्याचा अनुभव शिकविणाऱ्याला नाही आणि शिकणाऱ्यालाही नाही, त्याचे अध्ययन म्हणजे नेमके कशाचे अध्ययन?

तत्त्वज्ञानाच्या परंपरेत या प्रश्नाची उत्तरे आहेत. पण ती एका वेगळ्याच प्रश्नाची उत्तरे आहेत. प्लेटोच्या ‘फीडो’ या संवादातील सॉक्रेटीस तत्त्वचिंतनाला मरणाचाच सराव मानतो. एपिक्यूरस उलट बाजूने युक्तिवाद करतो, की मरण आणि आपण कधी एकत्र येतच नाही, तेव्हा भिण्याचे कारण नाही. दोघांच्याही डोळ्यांसमोर आहे ते स्वतःचे मरण. पदव्युत्तर वर्गात बसलेल्या विद्यार्थ्यापुढे मात्र दुसऱ्याचे मरण असते. कोणीतरी खाटेवर पडलेला आहे, त्याचे दिवस मोजके आहेत, आणि त्याच्यापासून काही शिकून घ्यावयाचे आहे. हा संबंध तत्त्वज्ञानाने फारसा तपासलेला नाही, आणि तो प्रथमतः ज्ञानाचा प्रश्न नसून नीतीचा प्रश्न आहे.

कठोपनिषदातील नचिकेत हा या विषयाचा आद्य विद्यार्थी, असे म्हणण्याची आपल्याकडे रूढी आहे. त्याचा तिसरा वर आणि यमाने त्याला दाखविलेली प्रलोभने यांवर पुष्कळ लिहिले गेले. पुत्रपौत्र, हत्ती-घोडे, सुवर्ण, दीर्घायुष्य, अप्सरा हे सारे नाकारून तो आपल्या प्रश्नाला चिकटून राहिला, हे खरेच आहे. दुर्लक्षित राहते ते या वरांचे कारण. यम घरी नव्हता. दारी आलेला अतिथी तीन रात्री उपाशी राहिला. आणि परत आल्यावर यमाने त्या प्रत्येक रात्रीपोटी एकेक वर देऊ केला. म्हणजे मृत्यूची विद्या येथे जिज्ञासेचे पारितोषिक म्हणून मिळालेली नाही. आतिथ्यात झालेल्या उणिवेची ती भरपाई आहे. आधी अतिथीला तिष्ठत ठेवल्याचे ऋण, मग ज्ञान, हा क्रम उपनिषत्काराने सहज योजला असेल असे वाटत नाही.

हा क्रम विसाव्या शतकात एकदा विलक्षण रीतीने उलटा घडला. १९६५ साली शिकागो येथे धर्मशास्त्राचे चार विद्यार्थी एलिझाबेथ क्युब्लर-रॉस या मानसोपचारतज्ज्ञ बाईंकडे गेले. मानवी जीवनातील संकट या विषयावर त्यांना काही लिहावयाचे होते, आणि मरणाहून मोठे संकट त्यांना सुचत नव्हते. क्युब्लर-रॉस यांनी सुचविले ते सरळ होते. मरणाविषयी जाणून घ्यावयाचे तर मरणाऱ्यांनाच विचारावे, त्यांना गुरू करावे. त्यांनी विद्यापीठाच्या रुग्णालयात चौकशी केली, तेव्हा एकाही डॉक्टराला आपल्या विभागात मरणोन्मुख रुग्ण आहे हे मान्य करवेना. एवढ्या मोठ्या इमारतीत कोणीच मरत नव्हते! अखेर एक वृद्ध रुग्ण भेटला. तो बोलावयास उत्सुक होता. बाईंनी तेव्हाच बसावे अशी त्याची इच्छा होती. त्यांनी त्याचे आभार मानले आणि उद्या विद्यार्थ्यांना घेऊन येते असे सांगितले. दुसऱ्या दिवशी सारे जण पोहोचले तेव्हा तो उशीला टेकून प्राणवायूच्या आधारे कसाबसा श्वास घेत होता. त्याने प्रयत्नाबद्दल त्यांचेच आभार मानले. तासाभराच्या आत तो गेला.

ही हकिकत क्युब्लर-रॉस यांनी १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात स्वतःच दिली आहे, हे त्यांच्या प्रामाणिकपणाचे गमक होय. यमाने पाहुण्याला तिष्ठत ठेवले होते. येथे विद्यार्थ्यांनी यजमानालाच तिष्ठत ठेवले. पाठाची वेळ शिकणाऱ्याच्या सोयीने ठरली आणि शिकविणाऱ्याला ती वेळ परवडणारी नव्हती. या विषयाचा पहिला धडा त्या खोलीत कोणीही काही न सांगता शिकविला गेला, असे म्हणता येईल. पुढील वर्षांत त्या परिसंवादात दोनशेहून अधिक रुग्णांच्या मुलाखती झाल्या. रुग्णाला त्रास होऊ नये म्हणून विद्यार्थी काचेपलीकडे बसत. काच अशी, की पलीकडच्यांना रुग्ण दिसावा आणि रुग्णाला ते दिसू नयेत. सोय म्हणून ही काच निर्दोष होती. रूपक म्हणून मात्र ती अस्वस्थ करणारी आहे.

या मुलाखतींतून क्युब्लर-रॉस यांनी नकार, संताप, घासाघीस, विषण्णता आणि स्वीकार या पाच अवस्था मांडल्या, आणि ग्रंथातील बाकी सारे विसरून जगाने तेवढ्या अवस्था उचलल्या. हे अपेक्षितच होते. पाच मुद्दे उत्तरपत्रिकेत लिहिता येतात. थांबू न शकलेल्या म्हाताऱ्याचे काय लिहावयाचे? या अवस्था सर्वांना याच क्रमाने येतात, याला संशोधनाचा पुरेसा आधार मिळाला नाही, आणि आज कोणताही गंभीर अभ्यासक्रम त्या जशाच्या तशा शिकवीत नाही. पण त्यांनी केलेले नुकसान निराळे आहे. वर्णन म्हणून सुरू झालेल्या गोष्टीचे पाहता पाहता वेळापत्रक झाले. रुग्ण चिडला तर तो दुसऱ्या पायरीवर आहे असे समजावयाचे. त्याच्या चिडण्याला कारण असेल, रात्री कोणी पाणी दिले नसेल, हे पाहण्याची गरज उरत नाही. आणि जो शेवटपर्यंत स्वीकारापाशी पोहोचला नाही तो जणू मरणाच्या परीक्षेत अनुत्तीर्ण! स्वतः क्युब्लर-रॉस १९९५ मध्ये पक्षाघाताने पंगू झाल्या आणि २००४ साली वारल्या. मधल्या वर्षांत मरणाची वाट पाहताना आपल्याला राग येतो, हे त्यांनी लपवून ठेवले नाही. अनेकांना तो त्यांच्या सिद्धान्ताचा पराभव वाटला. वस्तुतः एका माणसाने सिद्धान्ताबाहेर राहण्याचा आपला हक्क बजावला, इतकाच त्याचा अर्थ.

संस्कृतात मरणाच्या उंबरठ्यावरील माणसाला ‘मुमूर्षू’ असा शब्द आहे. ‘जिज्ञासू’ ज्या रीतीने सिद्ध होतो त्याच रीतीने, सन्नन्त धातूपासून, तोही सिद्ध झाला आहे. जिज्ञासू म्हणजे जाणू इच्छिणारा. त्या न्यायाने मुमूर्षू म्हणजे मरू इच्छिणारा. पण व्याकरणाने येथे थोडे औदार्य दाखविले आहे. मुमूर्षूला मरण्याची इच्छा असतेच असे नाही. ते जवळ आले आहे एवढेच त्या रूपातून सूचित होते. रुग्णाच्या खोलीत समोरासमोर येतात ते हे दोघे सन्नन्त. एकाची इच्छा खरी आहे आणि त्याच्याजवळ वेळ आहे. दुसऱ्याच्या नावात इच्छा आहे, वेळ नाही. या विषमतेची जाणीव न ठेवता केलेले संशोधन कितीही काटेकोर असले तरी त्याला अध्ययन म्हणावयास मन घेत नाही.

या विषमतेकडे पाहण्याची दुसरी रीत सिसिली साँडर्स यांच्या आयुष्यात दिसते. त्या आधी परिचारिका होत्या, मग रुग्णालयातील समाजसेविका झाल्या. १९४८ साली लंडनमध्ये डेव्हिड तस्मा नावाचा पोलंडमधून आलेला एक ज्यू रुग्ण कर्करोगाने मरत होता. त्याला या शहरात आप्त असे कोणी नव्हते. साँडर्स त्याच्यापाशी बसत, बोलत. जाताना त्याने त्यांच्यासाठी पाचशे पौंड ठेवले. त्यांनी जे घर उभारावयाचे मनात आणले होते त्यात आपण एक खिडकी व्हावे, अशी त्याची इच्छा होती. त्यानंतर साँडर्स वैद्यक शिकल्या, १९५७ मध्ये डॉक्टर झाल्या, आणि सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस १९६७ साली उघडले. एका खिडकीभोवती घर बांधावयास एकोणीस वर्षे लागली. येथे क्रम उपनिषदाचा आहे. आधी सोबत, त्यातून ऋण, आणि त्या ऋणापोटी विद्या. हॉस्पिस या शब्दाच्या मूळ लॅटिन रूपात पाहुणा आणि यजमान हे दोन्ही अर्थ नांदतात, हा केवळ योगायोग मानावा लागेल. पण तो विसरण्याजोगा नाही. साँडर्स यांनी मांडलेली ‘समग्र वेदना’ ही कल्पना शरीर, मन, आप्तसंबंध आणि श्रद्धा यांच्या दुखण्याला एकच दुखणे मानते. ती रुग्णांचे बोलणे वर्षानुवर्षे ऐकून ठेवल्यामुळे सुचली. प्रश्नावलीतून ती निघाली नसती.

आता सत्य सांगण्याचा प्रश्न. १९६५ सालीच बार्नी ग्लेसर आणि अ‍ॅन्सेल्म स्ट्राउस यांनी सॅन फ्रान्सिस्को परिसरातील रुग्णालयांत पाहणी करून दाखविले, की मरणाऱ्याभोवती जाणिवेचे चार प्रकार असतात. कधी त्याला काहीच माहीत नसते. कधी संशय असतो. कधी सर्वांना माहीत असते आणि सर्वच जण माहीत नसल्याचा बहाणा करतात. क्वचित सारे उघड असते. यांतील तिसरा प्रकार भारतीय वाचकाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ‘त्यांना काही सांगू नका’ हे वाक्य ज्या घरात उच्चारले गेले नाही असे घर सापडणे कठीण. तोल्स्तोयच्या ‘इव्हान इलिचचा मृत्यू’ या १८८६ मधील दीर्घकथेत मरणाऱ्याला आजाराहून अधिक यातना या बहाण्याने होतात. घरात एकटा गेरासिम हा तरुण नोकर बहाणा करीत नाही. तो मालकाचे पाय आपल्या खांद्यांवर धरून बसतो. आपल्यालाही कधीतरी मरावयाचे आहे, मग एवढे करावयास काय हरकत, अशी त्याची साधी समजूत. उपशामक उपचारांच्या वर्गांत ही कथा वाचली जाते, आणि ते योग्यच आहे.

मात्र तिच्यावरून भारतीय कुटुंबाला सरसकट खोटे ठरविणे हा उतावीळपणा होईल. उपशामक अर्थाचा जो इंग्रजी शब्द आहे, ‘पॅलिएटिव्ह’, त्याच्या मुळाशी लॅटिनमधील ‘पॅलियम’, म्हणजे अंगावरचे वस्त्र, पांघरूण. मराठीत पांघरूण घालणे या क्रियेचे दोन अर्थ आहेत. थंडीने कुडकुडणाऱ्याच्या अंगावर आपण पांघरूण घालतो, आणि कोणाच्या दोषावरही पांघरूण घालतो. मरणाऱ्यापासून सत्य दडविणारे घर यांतले कोणते पांघरूण घालीत असते? बहुधा दोन्ही, आणि बहुधा त्यालाच ते ठाऊक नसते. कसोटी सांगावयाची तर ती एवढीच दिसते: न बोलण्याचा निर्णय कोणी घेतला? मरणाऱ्याने स्वतःच विषय काढू नये असे ठरविले असेल आणि घरच्यांनी त्याचा मान राखला असेल, तर ते मौन आहे. त्यात दोघांचाही वाटा आहे. त्याने विचारले आणि त्याला हसून बाजूला सारले गेले, तर तो बहाणा आहे, आणि तो घालणाऱ्याच्याच अंगावर आहे. थंडी मरणाऱ्याला वाजत राहते. ‘शुभ बोल रे नाऱ्या’ ही म्हण आपण नाऱ्याच्या मूर्खपणाची म्हणून सांगतो. मांडवाला आग लागली असे तो म्हणाला. मांडव खरोखर पेटला होता की नाही, हे कोणी उठून पाहिल्याचे म्हणीत नाही.

भारतीय परंपरेत मरणाविषयी बोलले जात नाही, हा आक्षेप तर निराधारच आहे. आत्म्याविषयी दर्शनांनी अपार लिहिले. प्रेतसंस्काराची सूक्ष्मात सूक्ष्म विधाने झाली. काशीतील मरणाभोवतीच्या साऱ्या व्यवहाराचे जोनाथन पॅरी यांनी १९९४ मध्ये केलेले वर्णन वाचले म्हणजे ही व्यवस्था किती तपशीलवार आहे ते कळते. शेवटच्या क्षणासाठी गंगाजल आहे, तुळशीपत्र आहे, नामस्मरण आहे. उणीव आहे ती त्याआधीच्या काळाची. पूर्वी हा काळ बहुधा काही दिवसांचा असे. आधुनिक वैद्यकाने तो महिन्यांचा आणि वर्षांचा केला, आणि त्या लांबलेल्या काळासाठी परंपरेजवळ विधी नाही. दर्शनाचा आत्मा आणि श्राद्धातील प्रेत यांच्या मधोमध, अद्याप जिवंत असलेला, कुशीवर वळताना कण्हणारा जो मनुष्य आहे, तो दोन्हीकडून सुटलेला आहे.

त्याचे कण्हणे थांबविण्याचे साधन या देशात पिकते. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेश येथे सरकारी परवान्याने अफूची लागवड होते, आणि वैद्यकीय उपयोगासाठी ती अफू परदेशी जाते. परंतु १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने परवान्यांचे असे जंजाळ निर्माण केले, की रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडून दिले. १९९७ पर्यंत देशातील वैद्यकीय मॉर्फिनचा वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटून वर्षाला अवघ्या १८ किलोग्रॅमवर आला. कायदा सुधारावयास २०१४ साल उजाडावे लागले. या मधल्या काळात मुंबईत बांद्रा येथे १९८६ मध्ये शांती अवेदना सदन उभे राहिले होते. कालिकत येथे १९९३ साली डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेदनाशमनाची संस्था काढली होती. त्या कामातून केरळात गावोगावच्या सामान्य स्त्री-पुरुषांनी घरोघर जाऊन रुग्णांची देखभाल करण्याची पद्धत रुजली, आणि २००८ साली त्या राज्याने यासंबंधीचे धोरणही जाहीर केले. पण देशभरातील किती माणसे तीन दशके वेदनेने तळमळत गेली याचा हिशेब कोणत्याही प्रबंधात मांडता येणार नाही. मरणाच्या अर्थाची चर्चा करणाऱ्याने हा तपशील रूक्ष म्हणून टाळू नये. ज्याचे हाड आतून जळते आहे त्याला जीवनाचे तात्पर्य विचारणे हा शुद्ध उद्धटपणा आहे. मॉर्फिनचा परवाना हा नीतिशास्त्राच्या पाठ्यक्रमातील पहिला विषय असावा आणि आत्म्याचे अमरत्व त्यानंतर यावे, असे म्हटल्याने तत्त्वज्ञानाचा अधिक्षेप होत नाही.

जिज्ञासू आणि मुमूर्षू यांच्या संबंधाचे सर्वांत अवघड रूप मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात दिसले. तेथील परिचारिका अरुणा शानबाग १९७३ मधील पाशवी हल्ल्यानंतर भान हरपून पडल्या, आणि पुढे जवळजवळ ४२ वर्षे त्यांच्या सहकारी परिचारिकांनी, एका पिढीने दुसरीकडे सोपवीत, त्यांचे सर्व केले. त्यांना सन्मानाने मरू द्यावे, अशी याचिका लेखिका पिंकी विराणी यांनी केली. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती फेटाळली, कारण निकटवर्ती म्हणून बोलण्याचा अधिकार रुग्णालयातील सेवकवर्गाचा आहे आणि तो वर्ग त्यांच्या जगण्याच्या बाजूचा आहे. त्याच निर्णयाने कृत्रिम जीवनाधार काढून घेण्यास, कडक अटींसह, प्रथमच मान्यता दिली. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही शय्याव्रण झाला नाही, ही नोंद त्या निकालपत्रात आहे. मृत्यूच्या अभ्यासकाने या नोंदीपाशी थांबावे. दर दोन-तीन तासांनी कूस बदलल्याशिवाय हे घडत नाही. ते कोणत्याही पदवीने शिकविलेले नव्हते.

तरीही प्रश्न मिटत नाही. याचिका करणारीला अरुणा शानबाग यांची इच्छा ठाऊक नव्हती; कूस बदलणाऱ्या हातांनाही ती ठाऊक नव्हती. दोन्ही पक्ष त्यांच्या वतीने बोलत होते आणि दोन्हींच्या बोलण्यात माया होती. इतकी दीर्घ सेवा करता करता, जिची सेवा करावयाची ती नाहीशी होऊन सेवा हीच गरज होऊन बसते काय, हे विचारणे कठोर आहे. पण त्या परिचारिकांविषयी पूर्ण आदर बाळगूनही ते विचारावे लागते, कारण घरोघरच्या आजारपणात तेच घडत असते. शानबाग १८ मे २०१५ रोजी वारल्या.

आपली इच्छा आगाऊ लिहून ठेवण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ च्या निर्णयाने खुला केला. प्रथम त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागे. जानेवारी २०२३ मध्ये अटी शिथिल होऊन दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी एवढे पुरेसे ठरले. या दस्तऐवजाचा कायदेशीर भाग विद्यार्थ्याला एका तासात समजावून देता येतो. त्यात एक रकाना मात्र असा आहे, की बोलता येईनासे झाल्यावर आपल्या वतीने कोणी बोलावे, त्याचे नाव तेथे लिहावयाचे असते. नाव लिहिण्यापूर्वी त्या मुलाला, सुनेला, भावाला किंवा मैत्रिणीला समोर बसवून काय हवे आणि काय नको ते सांगावे लागते, आणि तेही धडधाकट असताना, जेवणाच्या टेबलापाशी किंवा ओसरीवर. ऐकणाऱ्याने ‘भलतेच काय बोलता’ असे न म्हणता ऐकून घ्यावे लागते.